पुस्तके तयार आहेत, मग शाळेने अभ्यासक्रमाचे नियोजन करायचे म्हणजे नेमके काय करायचे?

प्रश्न : पाटीपेन्सिल (सिंहगड रस्ता, पुणे)

नमस्कार. सिंहगड रस्त्यालगतच्या एका अनुदानित मराठी शाळेच्या प्राथमिक विभागात मी नऊ वर्षे शिकवत आहे. इतकी वर्षे नियोजनाशी माझा संबंध वार्षिक नियोजन, घटक नियोजन आणि रोजचे टाचण एवढ्यापुरताच आला. उन्हाळ्याची सुट्टी लागण्यापूर्वी आमच्या मुख्याध्यापिका बाईंनी मला आणि आणखी दोघी सहकाऱ्यांना बोलावून सांगितले, की तिसरी ते पाचवीच्या परिसर अभ्यासाचा शाळेचा स्वतःचा आराखडा जूनपूर्वी तयार करावा. त्यांचे शब्द असे होते : "पुस्तक संपवण्याचे वेळापत्रक नको, अभ्यासक्रमाचे नियोजन हवे." या दोहोंत फरक काय, हे त्या वेळी विचारायचे राहून गेले, आणि आता कागद पुढ्यात घेऊन बसल्यावर तो फरक मला स्वतःलाही सांगता येत नाही.

माझी अडचण अशी, की अभ्यासक्रम राज्याने ठरवलेला आहे, पुस्तके बालभारतीची आहेत, अध्ययन निष्पत्तीही, म्हणजे वर्षअखेरीस मुलाला काय काय यावे याच्या याद्याही, छापून हाती आलेल्या आहेत. मग शाळेच्या हातात उरते काय? जे नमुने पाहायला मिळाले, त्यांत एक तर महिना आणि पाठाचे नाव एवढेच रकाने आहेत, नाही तर ध्येये, उद्दिष्टे, तत्त्वे यांची पानेच्या पाने आहेत आणि सोमवारी वर्गात काय करायचे याचा पत्ता नाही.

बाईंना हे का सुचले असावे, याचा मला थोडा अंदाज आहे. गेल्या वर्षी चौथीत पाण्याचा घटक शिकवून झाल्यावर चाचणीत जवळजवळ सर्वांनी 'नदी, विहीर, तलाव, कूपनलिका' असे पाण्याचे स्रोत बिनचूक लिहिले. दुसऱ्या दिवशी मी सहज विचारले, की तुमच्या घरच्या नळाला पाणी कोठून येते? ३८ पैकी ३१ मुलांनी 'टाकीतून' असे उत्तर दिले. आमच्या शाळेच्या गच्चीवरून खडकवासल्याकडचे डोंगर दिसतात. धरणाचे नाव तिघांनी घेतले, तिघे गप्प राहिले आणि एक मुलगी 'टँकरमधून' म्हणाली, तेव्हा बाकीचे हसले.

सुरुवात कोठून करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ : सेवानिवृत्त अध्यापकाचार्य (सदाशिव पेठ)

आपल्या प्रश्नाच्या शेवटच्या परिच्छेदात आपण सुरुवात केलेलीच आहे, परंतु त्याकडे नंतर वळतो, कारण आधी शब्दांचा गुंता सोडवणे आवश्यक आहे. आपल्याकडे 'अभ्यासक्रम' हा शब्द निदान तीन वस्तूंसाठी वापरला जातो. मुलाने शाळेत राहून कोणते ज्ञान, कौशल्ये आणि वृत्ती मिळवाव्यात, त्यासाठी त्याला कोणते अनुभव द्यावेत आणि ते साधले की नाही हे कसे पाहावे, याचा समग्र विचार म्हणजे अभ्यासक्रम. त्यातील एखाद्या विषयाची इयत्तावार घटकांची मांडणी म्हणजे पाठ्यक्रम. तो पाठ्यक्रम वर्गात पोहोचवण्याचे एक साधन म्हणजे पाठ्यपुस्तक. शिक्षक जेव्हा 'अभ्यासक्रम संपला' असे म्हणतो, तेव्हा बहुधा पुस्तकाची शेवटची पाने झालेली असतात, आणि आपल्या बाईंचा आक्षेप नेमका याच समजुतीला असावा.

आता शाळेच्या हातात काय उरते, ते पाहू. राष्ट्रीय पातळीवर अभ्यासक्रमाचे आराखडे होतात. २००५ चा आराखडा आपणांस ठाऊक असेलच. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर पायाभूत स्तराचा आराखडा २०२२ मध्ये आणि शालेय शिक्षणाचा २०२३ मध्ये आला. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ नुसार प्राथमिक शिक्षणाचा अभ्यासक्रम व मूल्यमापनाची पद्धत राज्याने नेमलेले शैक्षणिक प्राधिकरण ठरवते, आणि आपल्या राज्यात ते काम कुमठेकर रस्त्यावरील राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडे आहे. पुस्तके २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झालेले पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे बालभारती, काढते. म्हणजे काय शिकवायचे याचा बराचसा निर्णय शाळेबाहेर होतो. परंतु कोणत्या घटकाला किती वेळ द्यायचा, कोणता आधी घ्यायचा, आपल्या मुलांना कोणता अनुभव द्यायचा आणि त्यांना ते आले हे कशावरून मानायचे, हे चार निर्णय कोणतीही परिषद आपल्यासाठी घेऊ शकत नाही. शाळेचे नियोजन म्हणजे हे चार निर्णय विचारपूर्वक घेऊन लिहून ठेवणे.

अध्यापक विद्यालयात आम्ही अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ राल्फ टायलर यांनी १९४९ मध्ये मांडलेले चार प्रश्न शिकवत असू : शाळेने कोणती उद्दिष्टे गाठायची, त्यासाठी कोणते अनुभव उपयोगी पडतील, ते अनुभव कोणत्या क्रमाने रचायचे आणि उद्दिष्टे गाठली गेली हे कसे ठरवायचे. ही मांडणी सरळ रेषेत चालते, वर्ग तसा चालत नाही, अशी टीका तिच्यावर झाली आणि ती रास्त आहे. हिल्डा टाबा या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी पुढे असा आग्रह धरला, की अभ्यासक्रम वरून खाली न येता शिकवणाऱ्यांकडून घडत जावा आणि त्याची पहिली पायरी विद्यार्थ्यांच्या गरजांचे निदान ही असावी. आपण विचारलेला नळाचा प्रश्न हे तसे निदान आहे. ३१ मुलांना स्रोतांची यादी येते, पण ती यादी आणि त्यांच्या घरचा नळ यांचा सांधा जुळलेला नाही. तेव्हा चौथीच्या त्या घटकाचे उद्दिष्ट 'पाण्याचे स्रोत सांगतो' असे न लिहिता 'आपल्या घरी येणाऱ्या पाण्याचा मार्ग शोधून, चित्र काढून समजावून सांगतो' असे लिहा. उद्दिष्टातील क्रियापद बदलले, की पुढचे अनुभव आणि मूल्यमापन आपोआप बदलू लागते. क्रियापदांबाबत मी विद्यार्थी-शिक्षकांना फार छळत असे, त्याबद्दल मला आजही खंत नाही.

दुसरे काम निव्वळ हिशेबाचे आहे आणि ते सर्वांत आधी करावे. कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० कामाचे दिवस आणि ८०० अध्यापनाचे तास सांगितले आहेत, म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. सहावी ते आठवीसाठी तेच २२० दिवस आणि १००० तास आहेत. हे कागदावरचे झाले. मी एका शाळेला मदत करत असताना परिसर अभ्यासाच्या आठवड्याला ६ तासिका धरून ३३ आठवड्यांच्या १९८ तासिका मांडल्या होत्या. मग हजेरीपत्रक आणि सूचनावही घेऊन मागील वर्षाच्या प्रत्यक्ष झालेल्या तासिका मोजल्या, तर त्या १५१ भरल्या. पालख्या शहरात मुक्कामाला असतानाचे दोन दिवस, गणेशोत्सव, चाचण्या, स्नेहसंमेलनाचा सराव, निवडणुकीचे प्रशिक्षण यांत ४७ तासिका गेल्या होत्या. यांतील बहुतेक गोष्टी यंदाही होणारच आहेत, त्या अचानक येत नाहीत. १९८ तासिकांचे नियोजन केले, की फेब्रुवारीत पुस्तक 'पळवावे' लागते. १५१ चे केले, तर जूनमध्येच कोणता भाग विस्ताराने घ्यायचा आणि कोणता मुलांनी वाचून घ्यायचा, याचा निर्णय करावा लागतो.

असा निर्णय घेताना शिक्षकांना कायद्याची भीती वाटते, म्हणून हेही सांगतो. कलम २४ मध्ये संपूर्ण अभ्यासक्रम विहित वेळेत पूर्ण करणे हे शिक्षकाचे कर्तव्य म्हटले आहे, हे खरे. मात्र त्याच कलमात लगेच पुढे प्रत्येक बालकाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे अधिकचे अध्यापन करणे हेही कर्तव्यच म्हटले आहे. दोन्ही एकत्र वाचावीत.

थोडे विषयांतर, परंतु आपण पुण्याच्या आहात म्हणून : १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुले यांनी प्राथमिक शाळेत काय शिकवावे हे सांगितले होते. मोडी व बाळबोध लेखन-वाचन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य यांचे काही पाठ. खेड्यातील शाळांचा अभ्यास शहरांतल्यापेक्षा कमी असला तरी चालेल, पण तो कमी व्यावहारिक असू नये, असेही त्यांनी म्हटले होते. स्थानिक गरजेनुसार अभ्यासक्रम बेतण्याची चर्चा आपल्या शहरात इतकी जुनी आहे.

उत्तर २ : दोन शिक्षकी (मुळशी तालुका)

सरांचे विवेचन मान्य आहे, फक्त एका बाबतीत माझा अनुभव वेगळा आहे. आमची जिल्हा परिषदेची दोन शिक्षकी शाळा आहे आणि माझ्याकडे तिसरी, चौथी व पाचवी हे तीन वर्ग एकाच खोलीत बसतात. तीन इयत्तांसाठी तीन स्वतंत्र नियोजने केली, तर त्यांतील एकही पाळता येत नाही. म्हणून मी इयत्तेऐवजी विषयसूत्र धरून उभी मांडणी करतो, आणि ताईंनाही तिसरी ते पाचवीचा एकत्र आराखडा करायचा असल्यामुळे हीच वाट सोयीची पडेल असे वाटते.

पाण्याचेच उदाहरण घेतो. जुन्या कॅलेंडरची पाठकोरी पाने जोडून मी एक मोठा तक्ता करतो. डावीकडे वरून खाली सूत्रे : पाणी, अन्न, निवारा, वाहतूक, आपला प्रदेश, पूर्वीचे लोक. वरच्या ओळीत तीन इयत्ता. प्रत्येक चौकटीत मूल काय करून दाखवील, एवढे एकच वाक्य. पाण्याच्या ओळीत तिसरीचे मूल घरात पाणी कशाकशाला लागते ते घागरी-बादल्यांत मोजते, चौथीचे मूल पाण्याचा मार्ग शोधते, पाचवीचे मूल ते पाणी कोणाला किती आणि का मिळते, असा प्रश्न विचारू लागते. तोच विषय दरवर्षी पुन्हा येतो, पण एक पायरी वर चढून. पुस्तकांतही ही चढण बऱ्याच ठिकाणी आहे, मात्र तीन पुस्तके शेजारी शेजारी उघडून ठेवल्याशिवाय ती दिसत नाही. हा तक्ता भरताना कोठे तेच तेच दोनदा येते आणि कोठे मधली पायरीच नाही, हे लगेच लक्षात येते.

इयत्ता-इयत्तांमधल्या या उभ्या सांध्याबरोबर एकाच इयत्तेतील विषयांमधला आडवा सांधाही पाहावा. आमच्याकडे जुलैत मुले रोज पाऊस मोजून लिहीत असत आणि त्याचा चित्रालेख काढायची वेळ आली, की कळे, गणितात चित्रालेख जानेवारीत आहे. सहा महिने ती आकडेवारी वहीत पडून राहायची. गणितातील तो घटक मी पावसाळ्यात ओढला. पुस्तकातील क्रम मोडायला कोणी मनाई केलेली नाही, आपणच तो पाळत बसतो. अर्थात ज्या घटकावर पुढचा घटक उभा असतो, तेथे क्रम मोडू नये, हे गणितात विशेषकरून सांभाळावे लागते.

आणि स्थानिकतेबद्दल. बालभारतीने तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक जिल्हावार काढले, ही फार चांगली गोष्ट झाली, परंतु जिल्हा एक असला तरी परिसर एक नसतो. ताईंच्या मुलांचे पाणी खडकवासल्यातून येते. माझ्या मुलांच्या गावाजवळचे मुळशी धरणाचे पाणी घाटाखाली भिऱ्याला वीज निर्माण करायला जाते. 'धरण का बांधतात' या प्रश्नाला दोन्ही वर्गांत तेच छापील उत्तर लिहून घेणे मला पटत नाही. आमच्या पाचवीची मुले आजी-आजोबांकडून पाण्याखाली गेलेल्या गावांची नावे विचारून आणतात, तेथून या धरणाविरुद्धच्या १९२१ च्या मुळशी सत्याग्रहाकडे जाता येते. बालभारतीचे कार्यालय ज्या रस्त्यावर आहे, त्या रस्त्याला त्या लढ्याच्या नेत्याचे, सेनापती बापटांचे नाव आहे, हे सांगितले की मुलांना गंमत वाटते. ताईंच्या मुलांसाठी तिकडे कात्रजच्या तलावातून पेशवाईत शहरात आणलेले पाणी आणि १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर असे दोन दुवे हाताशी आहेत. पूर पाहिलेली माणसे अजून घरोघरी आहेत, त्यांना वर्गात बोलवावे.

उत्तर ३ : उत्तरपत्रिका (कोथरूड)

वरील दोन्ही उत्तरे वाचली. मी माध्यमिक विभागात असल्यामुळे माझे म्हणणे थोडे रुक्ष वाटेल. आराखडा कितीही सुंदर असला, तरी वर्गात प्रत्यक्ष चालतो तो प्रश्नपत्रिकेचा अभ्यासक्रम. ताईंच्या चाचणीत 'पाण्याचे स्रोत लिहा' हा प्रश्न होता, म्हणून मुलांनी स्रोत पाठ केले. यात मुलांची चूक नाही. त्यामुळे आराखड्यात 'अध्ययन अनुभव' हा रकाना भरण्यापूर्वी 'पुरावा', म्हणजे मुलाला आले हे कशावरून मानायचे, हा रकाना भरावा, असा माझा आग्रह आहे.

प्राथमिक विभागात तुम्हांला यासाठी आमच्यापेक्षा जास्त मोकळीक आहे. २०१० पासूनच्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात तिसरी-चौथीला आकारिक (शिकवता शिकवता वर्षभर होणाऱ्या) मूल्यमापनाचा भार ६० टक्के आणि संकलितचा (सत्राअखेरच्या चाचणीचा) ४० टक्के ठेवलेला आहे. निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प ही सारी साधने अधिकृत आहेत. तरीही मार्चमध्ये नोंदवही उघडून एका बैठकीत साऱ्या नोंदी 'पूर्ण' करण्याची प्रथा आपण सर्वांनी पाहिली आहे, आणि खरे सांगायचे तर केलीही आहे. आराखड्यात प्रत्येक घटकासाठी एकच पुरावा ठरवून त्याचा आठवडाही लिहून ठेवला, तर हे टळते. पाण्याच्या घटकासाठी मुलाने काढलेला मार्गाचा नकाशा हाच पुरावा. संकलित चाचणीसाठी संविधान तक्ता, म्हणजे प्रश्नपत्रिकेतील गुणविभागणीचा तक्ता, करताना स्मरणाच्या प्रश्नांना किती गुण द्यायचे, याची मर्यादा आधीच ठरवा. पाचवीबाबत मात्र सावध राहावे, कारण २०२३-२४ पासून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आलेली आहे आणि पालकांचे लक्ष तिच्याकडेच असते.

तयार आराखडे विकत घेण्याचा मोह होईल, म्हणून एक प्रसंग सांगतो. मी पूर्वी ज्या शाळेत होतो, तेथे संस्थेने एका खासगी कंपनीकडून सर्व इयत्तांचे छापील नियोजन घेतले होते. कागद गुळगुळीत, रंगीत चित्रे, प्रत्येक तासिकेची मिनिटे आखलेली. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, बाहेर धो धो पाऊस पडत असताना, आमच्या बाईंनी वर्गात चार ऋतूंचे तक्ते लावले : वसंत, उन्हाळा, पानगळ आणि हिवाळा. पावसाळा त्यात नव्हताच. एका मुलाने खिडकीकडे बोट दाखवून विचारले, "बाई, मग हा कोणता?"

शेवटचा मुद्दा बदल करण्याच्या रीतीचा. २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात संख्यावाचनाची नवी पद्धत आली, 'त्रेसष्ट' बरोबर 'साठ तीन', तेव्हा राज्यभर केवढा गदारोळ झाला, ते आठवत असेल. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागची कारणे शांतपणे सांगितली होती. लिहिताना साठ आधी आणि बोलताना तीन आधी, शिवाय जोडाक्षरे, यांत लहान मुले अडखळतात, हे निरीक्षण वर्गात शिकवणाऱ्या कोणालाही पटण्याजोगे होते. मला स्वतःला ती पद्धत योग्यच वाटली. परंतु घरी पाढे म्हणून घेणाऱ्या आजीपर्यंत ती कारणे पोहोचण्याआधी विनोद पोहोचले. आपल्या शाळेतील बदल एवढा मोठा नसला, तरी जूनच्या पहिल्या पालकसभेत तो पालकांना सांगावा आणि पहिल्या सत्रात एकाच इयत्तेत करून पाहावा.

प्रश्नकर्तीचे उत्तर : पाटीपेन्सिल

सर्वांची मनापासून आभारी आहे. सरांच्या सूचनेप्रमाणे काल शाळेत जाऊन मागील वर्षाच्या तासिका मोजल्या. चौथीच्या परिसर अभ्यासाच्या १६३ भरल्या. आमच्या अंदाजापेक्षा त्या बऱ्याच कमी आहेत. तिन्ही पुस्तके शेजारी ठेवून पाठकोऱ्या पानांवर तक्ताही सुरू केला आहे, आणि पाण्याच्या ओळीतील चौथीच्या चौकटीत अध्यापकाचार्य सरांचे वाक्य लिहिले आहे. पुरावा म्हणून मुलांनी काढलेला नकाशा ठरवला.

एक शंका उरते. नकाशाचे 'बरोबर उत्तर' आम्ही खडकवासला, तेथून जलशुद्धीकरण केंद्र, मग टाकी आणि नळ असे गृहीत धरले आहे. पण 'टँकरमधून' म्हणणाऱ्या त्या मुलीच्या वस्तीत नळ आहेत, त्यांना पाणी मात्र खरोखरच टँकरने येते. तशी आणखी पाच-सहा मुले यंदा वर्गात असतील. त्यांच्यासाठी निकष वेगळा ठेवावा का?

उत्तर ४ : दोन शिक्षकी (मुळशी तालुका)

ताई, निकष वेगळा नको. 'आपल्या घरी येणाऱ्या पाण्याचा मार्ग' असे वाक्य तुम्ही लिहिले आहे, त्यात त्या मुलीचे उत्तर सर्वांत आधी बसते, कारण तिने स्वतःच्या घराचे सांगितले आणि बाकीच्यांनी इमारतीच्या गच्चीपर्यंतच पाहिले. बदलायचे असेल तर गृहीत धरलेले 'बरोबर उत्तर' बदला. टँकर महापालिकेच्या केंद्रावर भरला की एखाद्या खासगी विहिरीवर, हे टँकरच्या चालकाला विचारता येते. त्यासाठी त्या घटकात दोन तासिका जास्त लागतील, त्या १६३ मधून आत्ताच वेगळ्या काढून ठेवा. आणि शक्य असेल तर वर्गातील पहिला नकाशा त्या मुलीलाच फळ्यावर काढायला सांगा.